बॉनेटखालचा मारुती

“टक्,” गाडी म्हणाली.

मी बटण सोडलं, हात पँटला पुसला आणि पुन्हा दाबलं.

“टक्.”

“काय म्हणती?” स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईनं विचारलं.

“टक् म्हणती.”

“आणि काल?”

“काल पण टक्.”

“मग तब्येत बरी हाय तिची,” आई म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

नवरात्र बसलं होतं, दसरा तोंडावर आला होता आणि माझा उजवा गुडघा आपोआप हलायला लागला होता. बसलो की हलायचा. झोपलो की पलंग हलायचा. जेवताना ताटातल्या आमटीवर लाटा उठायच्या. “नाव धैर्यशील ठेवून काय उपयोग झाला न्हाई,” असं म्हणून आई वाटी माझ्यापासून लांब सरकवायची. मी तेव्हा डिप्लोमा करत होतो. म्हणजे डिप्लोमा झाला होता, एक विषय तेवढा राहिला होता. तो विषय इलेक्ट्रिकलचा होता. आमच्या घरात त्या दिवसांत हे कुणी मोठ्यानं बोलत नसे, कारण गाडीच्या स्टार्टरचं काम माझ्या अंगावर होतं.

ते अंगावर टाकलं होतं थोरल्या काकांनी.

थोरले काका म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. शेजारच्याच घरात राहायचे. वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. आण्णा गेल्यापासून आमच्या कुठल्याही वस्तूवर काकांची काठी आपटली की त्या वस्तूचं भवितव्य ठरायचं. पाण्याची जुनी टाकी अशीच गेली. परसातला शेवगा असाच गेला. घटस्थापनेच्या दिवशी काठी गाडीच्या मडगार्डवर आपटली.

“ही वस्तू इथनं हलली पायजे.”

“हलते की काका. ढकलली की हलते.”

“शाणपणा नको. किणेकरशेठ न्यायला तयार हाय. हायवेच्या हाटेलासमोर कट्टा बांधून त्यावर चढवणार. बॉनेट उघडून त्यात कारंजं सोडणार. लाल-पिवळे दिवे लावणार. डिकीत गुलाबाची झाडं.”

“आणि आत?”

“आत गिऱ्हाइकांची पोरं बसून आइस्क्रीम खाणार.”

मी आईकडे बघितलं. ती पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. ते तांदूळ तिनं सकाळीच निवडले होते.

“भावजी,” ती मान वर न करता म्हणाली, “ह्यांची गाडी हाय ती.”

“वसंता असता तर त्यानंच दिली असती.” आण्णांचं नाव वसंत. “चालू होत न्हाई, बंद होत न्हाई, नुसती शेड अडवून बसलीया.” शेड हा खरा मुद्दा होता. शेडमध्ये काकांना धाकट्या चिरंजीवांसाठी झेरॉक्सचं दुकान काढायचं होतं. “बरं, असं करू. दसऱ्याला शेठ ट्रॉली घेऊन येतोय. तोवर ही माणसासारखी बटणावर चालू झाली, तर ऱ्हाऊ दे. न्हाई झाली, तर कारंजं.”

काका न्यायी होते. समोरच्याला हरायची पूर्ण संधी द्यायचे.

गाडी आजोबांनी घेतलेली. काळी, विलायती, बेडकासारखे वर आलेले दिवे आणि दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या फळ्या. बॉनेटवरचं कंपनीचं नाव माझ्या जन्माआधीच कुठंतरी पडलं होतं. तिथं रिकामं दिसतं म्हणून आजोबांनी पितळी अक्षरात ‘चौगुले’ बसवून घेतलं. त्यामुळे गाडी कुठल्या कंपनीची असं कुणी विचारलं, की मी शाळेत ‘चौगुले कंपनीची’ असं सांगायचो, आणि गडहिंग्लजमधली बरीच पोरं त्यावर विश्वास ठेवून मोठी झाली.

तिचा स्टार्टर मी कधीच चाललेला पाहिला नव्हता. पुढून घालून फिरवायचं लोखंडी हँडल होतं म्हणे, पण तेही आण्णांच्या हातून एकदा रस्त्यात कुठंतरी हरवलं. राहिला तो ढकलण्याचा मार्ग. आण्णा मागून ढकलायचे. आई स्टीअरिंगवर बसायची, क्लच दाबून, दुसरा गिअर टाकून. गाडीनं वेग घेतला की आण्णा ओरडायचे, “सोड!” आणि आई क्लच सोडायची. गाडी दोन उचक्या द्यायची, धूर ओकायची आणि चालू व्हायची. मग आई डावीकडे सरकायची आणि आण्णा पळत येऊन चालत्या गाडीत उजवीकडून उडी मारायचे. गाडी थांबवायची नाही, कारण थांबवली की पुन्हा पहिल्यापासून. दर शनिवारी ते दोघं असेच सामानगडाच्या रस्त्याला, मारुतीच्या दर्शनाला जायचे. मारुतीचं दर्शनही बहुतेक चालत्या गाडीतूनच होत असावं.

आण्णा गेल्यावर ढकलायला मी लागलो. आई तशीच बसायची, मी “सोड” म्हणायचो, ती सोडायची आणि डावीकडे सरकायची. रस्त्यात आम्ही फार बोलायचो नाही. ती खिडकीतून उसाकडे बघत बसायची.

आता, गाडीत मारुती होताच. हे सांगायला पाहिजे, कारण ते नेहमीचं नाही.

बॉनेट उघडलं की बॅटरीच्या मागे, पत्र्याच्या भिंतीवर, शेंदराचा एक गोळा होता. सोललेल्या नारळाएवढा. माझ्या जन्माआधी एका शनिवारी आण्णांना तो पहिल्यांदा दिसला, असं आजी सांगायची. “इंजिनाच्या घरात देव आला,” आण्णा म्हणाले, आणि आजीनं बॉनेटपुढे लोटांगण घातलं. मग दर शनिवारी तेलात कालवलेला शेंदूर चढत गेला. आजीनं त्याला चांदीचे डोळे बसवले. तेव्हापासून गाडीचं काम करायला येणारा प्रत्येक मेस्त्री चपला काढून बॉनेट उघडायचा, आधी हात जोडायचा आणि मग त्या बाजूला पाना जाणार नाही अशा बेतानं वाकडा होऊन काम करायचा. आमच्या गुंडू मेस्त्रीची मान त्यातच कायमची डावीकडे गेली, असं त्याची बायको म्हणायची.

मी कामाला लागलो.

पहिला संशय बॅटरीवर. मित्राच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली. ट्रॅक्टर ती लावून भल्या सकाळी गुरगुरत उठायचा. आमच्या गाडीला लावली.

“टक्.”

मग स्टार्टरच खोलला आणि पोत्यात घालून गुंडू मेस्त्रीकडे नेला. गुंडू मेस्त्रीचं निदान ठरलेलं असायचं. गाडी कुठलीही असो, तो म्हणायचा, “कार्बोरेटर.”

“मेस्त्री, हा स्टार्टर हाय.”

त्यानं पोत्यात बघितलं. “मग कार्बोरेटर कुठाय?”

“गाडीत.”

“तरीच,” मेस्त्री म्हणाला आणि कामाला लागला. आतले कार्बनचे ब्रश बदलले, तांबं घासून चकाकवलं, आणि टेबलावर ठेवून त्याला थेट बॅटरीचा करंट दिला. स्टार्टर असा काही फिरला की टेबलावरून उडी मारून मेस्त्रीच्या चहात पडला. आम्ही दोघांनी आनंदानं एकमेकांना मिठी मारली. कप फुटला होता, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

घरी आणून गाडीत बसवला.

“टक्.”

मेस्त्री बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला. “धैर्या, खरं सांगू का? ह्या गाडीच्या मनात न्हाई.”

“मेस्त्री, गाडीला मन नसतं.”

“मग आत देव काय फुकटचा बसलाय?”

मी स्टार्टरचा स्विच बदलला. जाड वायर बदलली. काहीच होईना, तेव्हा निदान हात चालू राहावा म्हणून बाकीची गाडी नवी करायला घेतली. मडगार्ड घासून काळा रंग मारला, पितळी चौगुले चिंचेनं उजळले. सीटचं फाटकं रेक्झीन काढलं आणि सीट गादी कारखान्यात नेली. तिथं सोफ्याचं गुलाबी फुलांचं कापड उरलं होतं, ते त्यांनी बसवून दिलं. आतून गाडी आता काकांच्या दिवाणखान्यासारखी दिसत होती. रोज संध्याकाळी काका शेडच्या दारात येऊन काठी टेकून उभे राहायचे आणि शेडची लांबी-रुंदी नजरेनं मोजायचे. ते गेले की माझा गुडघा जोरात सुरू व्हायचा. इंजिन सोडून त्या शेडमधलं सगळं हलत होतं.

आई वेगळीच अस्वस्थ होती. दिवसातून तीनतीनदा अंगण झाडायची. शेडकडे यायची, बघायची, जायची. मी विचारलं, “आई, स्टार्टर आधी कधी चालत होता का गं?” तर म्हणाली, “मला इंजिनातलं काय कळतंय?” आणि पदरानं आरसा पुसायला लागली. तो आरसा मी मघाशीच पुसला होता.

“ढकलून हुतीया की चालू,” ती म्हणाली.

“काकांची अट बटणाची हाय.”

“म्हाईत हाय.”

“मग?”

“मग काय? जेवायला चल.”

खंडेनवमीचा दिवस उजाडला आणि मी हवालदिल झालो. दसरा उद्यावर, आणि आज आमच्याकडे हत्यारांची पूजा. पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्याच्या पूजेपर्यंत हात लावायचा नाही. गुंडू मेस्त्रीचं गॅरेज हळदीकुंकवानं माखून बंद होतं. मी उठायच्या आत आईनं माझे सगळे पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर देवघरापुढे पाटावर मांडून त्यांना झेंडूची फुलं वाहिली होती. शेजारी विळी आणि उलथनंही होतं.

“आई! एक पाना दे.”

“आज ते देव हाईत.”

“उद्या कारंजं हाय!”

“देवाला सांग.”

माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती. ट्रॅक्टरवाल्या मित्रानं दिलेली जाड वायर, दोन्ही टोकांना चिमटे असलेली. आईला ती कपडे वाळत घालायची दोरी वाटली असावी, म्हणून ती पूजेतून सुटली. दुपारी जेवण झाल्यावर मी शेडमध्ये गेलो, बॉनेट उघडलं, मारुतीला नमस्कार केला आणि त्याच्या चांदीच्या डोळ्यांत बघत बसलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

बघता बघता नजर खाली गेली. बॅटरीला दोन टोकं असतात. एकाची वायर स्टार्टरला जाते. तीच मी बदलली होती. दुसऱ्या टोकाची पट्टी गाडीच्या अंगाला, पत्र्याला बोल्टनं आवळलेली असते, म्हणजे करंटला परतीची वाट मिळते. परतीची वाट नसेल तर दिवे कसेबसे लागतील, पण स्टार्टरसारखं जड काम होणार नाही. हा माझ्या राहिलेल्या विषयातला पहिल्याच धड्याचा भाग होता. मी त्या पट्टीवरून बोट फिरवत गेलो. पट्टी बॅटरीतून निघाली, पत्र्याच्या भिंतीशी वळली आणि सरळ मारुतीच्या पोटात शिरली.

पलीकडून बाहेर आली नाही.

मी चपला काढल्या. का काढल्या ते मला आजही सांगता येणार नाही. मग चिमट्याची वायर घेतली, एक टोक बॅटरीला, पट्टी होती तिथंच लावलं, दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला. मारुतीला बाजूनं वळसा घातला. किल्ली फिरवली, आणि बटण दाबलं.

गाडी ‘टक्’ म्हणाली नाही. घर्रर्र करून तिनं अख्खी शेड हलवली आणि चालू झाली. पत्र्यावरची कबुतरं उडाली. मी उभ्या जन्मात असा आवाज ऐकला नव्हता. मी ओरडणार, एवढ्यात आई पिठाच्या हातानं पळत आली, मला बाजूला सारलं, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

शेडमध्ये एकदम शांत झालं. किल्लीवर पिठाची बोटं उमटली होती.

“आई, झालं की! चालू झाली! बंद का केलीस?”

“कुणी ऐकलं?”

“काय?”

“भावजींनी ऐकलं का?”

“काका झोपलेत. आई, पट्टी मारुतीत गेलीया. शेंदूर आत शिरलाय. एवढी वर्षं सगळे मेस्त्री वाकडे होऊन...”

“गाडीत बस,” आई म्हणाली.

ती स्टीअरिंगवर बसली. मी डावीकडे बसलो, गुलाबी फुलांवर. पुढे शेडची भिंत होती. ती भिंतीकडे अशी बघत होती, जशी शनिवारी उसाकडे बघायची.

“शेंदूर आत शिरला न्हाई,” ती म्हणाली. “आत घातलाय. तुझ्या आण्णांनी.”

माझा गुडघा हलत होता. तिनं त्यावर हात ठेवला.

“बोल्ट सोडला, पट्टीच्या खाली शेंदूर फासला, परत आवळला. मग वरनं लावला. म्हणाले, शालन, आता ह्याला कुणी पाना लावत न्हाई बघ.”

“आण्णांनी? अगं, पण का?”

“तुझ्या आजीला सुनांनी नवऱ्याबरोबर बाहेर गेलेलं चालायचं न्हाई. घरात अकरा माणसं. लग्नाला वर्ष झालं, तरी आमचं बोलणं म्हणजे, ‘मीठ वाढ’ आणि ‘वाढलं’. एवढंच. मग गाडी बिघडली.”

तिनं मान फिरवली. ओठ दाबून धरले होते. रडतेय की काय म्हणून मी वाकून बघितलं, तर हसू दाबत होती.

“गाडी बिघडली, म्हणजे तिला दोन माणसं लागायला लागली. एक ढकलायला, एक बसायला. माझ्यानं ढकलवत न्हवतं. मग बसणार कोण? रस्त्यात बंद पडली तर परत लागणार, म्हणून जायचं पण बरोबर. आत्याबाईच म्हणायच्या, जा गं शालन, त्याला एकट्याला झेपणार न्हाई.” आत्याबाई म्हणजे आजी. “आणि दर शनिवारी शेंदूर त्यांच्याच हातनं कालवून घ्यायचे हे.”

“आणि हँडल? हँडल हरवलं म्हणून...”

आई उठून घरात गेली. आली तेव्हा तिच्या हातात लग्नातला शालू होता. उलगडला. आत हँडल होतं. तेल लावून ठेवलेलं, एक कणही गंज नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदाच ते हातात घेतलं. भलतंच जड होतं. ट्रंकेतल्या शालूला इतका वास का येतो, हे कोडंही तेवढ्यात सुटलं.

“मग मला पहिल्याच दिवशी का सांगितलं न्हाईस? मी इथं वेड्यासारखा स्टार्टर खोलतोय, चहात बुडवतोय...”

“तुझा गुडघा हलत होता. म्हटलं, हाताला काम असलेलं बरं.”

“आई!”

“मग काय सांगू?” ती एकदम फणकारली. “चालू न्हाई झाली, तर उद्या शेठ नेणार, हितं पोरं आइस्क्रीम सांडणार. झाली, तर तू बटण दाबून एकटा जाणार. मित्रांस्नी घेऊन जाशील. उद्या सून आली की तिला नेशील. बटण असलेल्या गाडीत मी बसायचं कशाला?” तिनं स्टीअरिंगच्या पांढऱ्या कड्यावरून अंगठा फिरवला. तिथं एका जागी रंग गेला होता, तिचा अंगठा तिथं बरोबर बसला. “घटस्थापनेपासून इचार करतीया. सुचत न्हाई.”

मलाही सुचेना. मी म्हणालो, तसं नाही होणार. ती म्हणाली, बरं. दोघांनाही ते खरं वाटलं नाही. शेवटी मी जाऊन स्टार्टरच्या जाड वायरीबरोबर जोडीनं मिळालेली नवी पट्टी आणली आणि तिच्या मांडीवर ठेवली. बॉनेटपाशी उभं राहून बोटानं दाखवलं, एक टोक इथं, दुसरं तिथं. मारुतीला धक्कासुद्धा लागत नाही.

“मी लावत न्हाई,” मी म्हणालो. “पाने आज तुझ्या देवघरात हाईत. तुझं तू ठरव.”

दसऱ्याच्या सकाळी उठून आधी शेडमध्ये गेलो. बॉनेट उघडलं. पट्टी लावलेली नव्हती.

नवाच्या सुमाराला किणेकरशेठ आले. ट्रॅक्टरची ट्रॉली, दोन गडी, दोर, आणि हातात रंगीत दिव्यांची एक माळ. “मापाला आणलीया,” असं म्हणून त्यांनी ती बॉनेटवर धरून बघितली. काका फेटा बांधून आले होते. गाडीला झेंडूचा हार घातला होता आणि चाकांखाली लिंबं होती. आई आरतीचं ताट घेऊन उभी होती. ताटात निरांजन, हळदकुंकू, आपट्याच्या पानांची भलीमोठी जुडी. तिच्या चेहऱ्यावरून काहीही कळत नव्हतं.

“सरक धैर्या. बटण मी दाबणार,” काका म्हणाले. “फसवाफसवी नको.”

ते फेट्यासकट वाकून आत शिरले, किल्ली फिरवली आणि दाबलं.

“टक्.”

माझ्या पायाखालची जमीन सरकली असं म्हणता आलं असतं, पण गुडघा एवढा हलत होता की काय सरकतंय ते कळायला मार्ग नव्हता.

“झालं,” काका बाहेर येऊन म्हणाले. “शेठ, टाका दोर.”

शेठनी गड्याला खूण केली. गडी दोर घेऊन पुढे आला. आई म्हणाली, “पूजा तरी होऊ द्या.”

देवाच्या कामाला कोण नाही म्हणणार? गडी मागे सरला. आईनं बॉनेटला कुंकू लावलं, ओवाळलं आणि वळून ताट काकांच्या हातात दिलं. “भावजी, जरा धरा.” ताट घ्यायचं तर काकांना काठी काखेत घ्यावी लागली. दोन्ही हात ताटात अडकले. मग आईनं बॉनेट उघडलं, मारुतीला हात जोडले आणि ताटातली आपट्याची जुडी उचलली. जुडीखाली पट्टी होती. पट्टीखाली पाना होता, त्याला कालचं कुंकू लागलेलं.

“शालन,” काका म्हणाले, “हे काय?”

“भावजी, हलू नका. निरांजन विझंल.”

ती बॉनेटमध्ये वाकली. पदर खोचला, पट्टीचं एक टोक बॅटरीला लावलं, दुसरं इंजिनाला, आणि कणीक तिंबावी तशी सगळ्या अंगानं आवळली. शेठ दिव्यांची माळ धरून बघत होते. काका निरांजनाकडे बघत होते, कारण ते खरंच विझायला आलं होतं, आणि दसऱ्याच्या दिवशी आपल्या हातात ते विझलं असतं तर वर्षभर ऐकावं लागलं असतं. आईनं बॉनेट लावलं, चांदीच्या डोळ्यांवर झाकण पडलं. ती उजवीकडून दार उघडून स्टीअरिंगवर बसली आणि बटण दाबलं.

घर्रर्र.

झेंडूची फुलं थरथरली. गड्याच्या हातातला दोर खाली पडला. शेजारच्या दोन-तीन खिडक्या उघडल्या.

“चालू झाली की,” शेठ म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला होता. बिचाऱ्यांनी कारंज्याचा पंपसुद्धा आणून ठेवला होता म्हणे.

मी धावत डावीकडच्या दारापाशी गेलो. आई म्हणाली, “तू मागं जा.”

“मागं कशाला? चालू हाय की!”

“मागं कुणीतरी असल्याबिगार माझा क्लच सुटत न्हाई. जा.”

मी मागे गेलो. डिकीवर दोन्ही हात टेकवले, नेहमीसारखे, पाय मागे रोवून. ढकलायचं काही नव्हतं. गाडी जागेवर फुरफुरत होती, तळव्यांना सगळा थरथराट कळत होता. आतून दुसरा गिअर पडल्याचा आवाज आला. तिला तेवढा एकच गिअर येत होता.

“सोड!” मी ओरडलो.

तिनं सोडला. गाडीनं दोन उचक्या दिल्या, लिंबं चिरडली आणि माझ्या हातातून निघून गेली. हात तसेच पुढे राहिले.

ती फाटकातून बाहेर पडली, ट्रॉलीला वळसा घालून रस्त्याला लागली. कोपऱ्यावर जरा हळू झाली, पण थांबली नाही. खिडकीतून हात बाहेर आला.

“चढ!”

मी पळत सुटलो. मागे काका ओरडत होते, “अरे हे ताट कुणीतरी घ्या!” मी गाडी गाठली आणि सवयीनं उजवीकडे उडी मारायला गेलो.

“हिकडं न्हाई,” आई म्हणाली. “डावीकडनं.”

मी मागून वळसा घालून, पळत, डावीकडच्या दारातून आत पडलो. गुलाबी फुलांवर. आई दोन्ही हातांनी चाक धरून, मान ताणून समोर बघत होती. शनिवार नव्हता, तरी तिनं गाडी सामानगडाच्या रस्त्याला घातली. इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होतं. सायकलवरून शाळेचे एक मास्तर आम्हाला मागे टाकून गेले आणि वळून वळून बघत राहिले.

“आई, तिसरा टाक. मी सांगतो कसा टाकायचा.”

“कशाला?”

“असं दुसऱ्यात किती वेळ जाणार? लवकर पोचू.”

“हे पण दुसऱ्यातच न्यायचे,” आई म्हणाली. दोन्ही बाजूंना ऊस होता, आणि आज तिला तिकडं बघायला वेळ नव्हता. “जायला दुसरा, यायला दुसरा. लवकर पोचायचं कुणाला होतं?”

मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि तिच्याऐवजी उसाकडे बघत बसलो.